गज खाली, गज वर : मादालेनाला आलेलं पत्र

व्हायोलिन आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, सिनेमाच्या गाण्यांत तर ते असतंच. डाव्या हाताची बोटं तारांवर सूर धरतात, ते लगेच दिसतं. पण आवाज निघतो उजव्या हातातल्या गजामुळे. गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेली लांब काठी. केसांना राळ घासली की ते तारेला धरतात आणि तार बोलू लागते. आज आम्ही सांगणार आहोत ते हा गज चालवायला शिकलेल्या एका मुलीबद्दल.

गज दोनच दिशांनी चालतो. मुठीकडून टोकाकडे ओढला की ‘खाली’, टोकाकडून मुठीकडे नेला की ‘वर’. मुठीजवळ हाताचं वजन पडतं, म्हणून खाली ओढलेला गज आपोआप जोरात लागतो. वर जाणारा गज टोकाकडून निघतो, म्हणून त्याची सुरुवात हलकी होते. त्यावरून जुना नियम पडला : तालाची पहिली मात्रा आली की गज खाली. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारात ल्युली हा संगीतकार आपल्या वादकांकडून हा नियम कडक पाळून घ्यायचा. सगळ्यांचे गज एकदम खाली, एकदम वर. मुफ्फात नावाच्या संगीतकाराने १६९८ मध्ये ही पद्धत लिहून छापली.

आता इटलीतल्या व्हेनिस शहरात जाऊ. तिथे चार मोठ्या धर्मादाय संस्था होत्या. त्यांत मुलींना गाणं-वाजवणं शिकवलं जाई. त्या चर्चमध्ये जाळीच्या आड बसून वाजवत आणि दूरदूरचे लोक ऐकायला येत. त्यांतल्या एका संस्थेचं नाव मेंदिकांती, म्हणजे भिक्षेकऱ्यांची. १७४५ मध्ये जन्मलेली मादालेना लोम्बार्दिनी सातव्या वर्षी तिथे दाखल झाली.

जवळच्या पादुआ शहरात तार्तिनी हे त्या काळचे नामांकित व्हायोलिन गुरू राहत. ५ मार्च १७६० रोजी त्यांनी मादालेनाला एक पत्र लिहिलं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पत्रात सगळ्यात आधी गजाचाच धडा आहे. गज तारेवर आपटायचा नाही, अलगद टेकवायचा आणि मग हळूहळू दाबायचा. बोट न ठेवता मोकळी तार वाजवायची, आवाज ऐकू येईल न येईल इतका बारीक सुरू करून मोठा करत न्यायचा. हे खाली ओढतानाही करायचं आणि वर नेतानाही. रोज निदान तासभर, पण एका दमात नाही : थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी.

पुढे जलद सुरांचा सराव सांगताना ते बजावतात : कधी गज खाली ओढून सुरुवात कर, कधी वर नेऊन. एकाच बाजूची सवय लावून घेऊ नकोस.

आम्हाला हा सल्ला फार मोलाचा वाटतो. खालचा गज सोपा, म्हणून हात तिकडेच धावतो. वरचा गजही तेवढाच तयार असेल, तर सूर कुठूनही सुरू झाला तरी हात अडत नाही. ‘मुलगी आहे, एवढं आलं तरी पुरे’ असा सूर त्या पत्रात कुठेही नाही. पक्क्या वादकाला लागतं तेच तिला सांगितलं आहे.

आणि ती पक्की झाली. १७६७ मध्ये लुदोविको सिर्मेन या व्हायोलिनवादकाशी लग्न करून ती संस्थेतून बाहेर पडली. १७६८ मध्ये पॅरिसला आणि १७७१ मध्ये लंडनला तिने लोकांसमोर वादन केलं. तिने स्वतः रचलेलं संगीतही छापून निघालं. तार्तिनी १७७० मध्ये वारले, त्याच वर्षी ते पत्र इटलीत छापलं गेलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. मग कितीतरी शिकणाऱ्यांनी त्यावरून हात बसवला.

त्या संस्थांतल्या अनेक मुलींचं आडनावही इतिहासात उरलेलं नाही. नुसतं पहिलं नाव आणि पुढे वाद्य, जसं ‘व्हायोलिनवाली आना मारिया’. मादालेनाचं मात्र पूर्ण नाव छापील पानावर आलं, आणि तिच्या नावे आलेला धडा आजही व्हायोलिन शिकणारे वाचतात.