निद्रेचे नाव धारण करणारी रोहिणी

अरबी भाषेत मानेतील मोठ्या रक्तवाहिनीला ‘शिर्यान सुबाती’ म्हणतात. शिर्यान म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी आणि सुबात म्हणजे गाढ झोप. तिचे ग्रीक नावही गुंगीच्याच अर्थाचे आहे, कारण ती दाबल्यास माणूस बेशुद्ध होतो, असा प्राचीन ग्रीकांचा समज होता. मराठीतील ‘ग्रीवा रोहिणी’ हे नाव मात्र केवळ स्थान सांगते.

दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने प्राण्यांवर प्रयोग करून या समजाला हरकत घेतली आणि आवाज जाणे हा रोहिणीचा नव्हे, तर तिच्यासोबत दाबल्या जाणाऱ्या मज्जातंतूंचा परिणाम असल्याचे दाखवले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस ‘नीला’ आणि ‘मन्या’ अशा चार धमन्या सांगितल्या असून, त्यांना इजा झाल्यास मुकेपणा, आवाज बिघडणे आणि चव न कळणे ही व्यंगे येतात, असे नोंदवले आहे; मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेला हा ग्रंथ छापून अभ्यासकांच्या हाती दिला. तेथील नीला धमनीत मोडते, तर आजच्या मराठी शास्त्रीय परिभाषेत नीला म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी. जुना ग्रंथ वाचताना हा फरक न विसरणेच बरे.

कंठमण्याच्या बाजूला, मानेतील तिरप्या स्नायूच्या पुढच्या कडेला दोन बोटे टेकवली की जो ठोका लागतो, तो याच रोहिणीचा. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर तिच्या दोन शाखा होतात. आतली मेंदूला व डोळ्याला, तर बाहेरची प्रामुख्याने चेहऱ्याला आणि डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवते. या फाट्यापाशी मेदाचे थर साचतात, त्यांचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो आणि पक्षाघात होतो; हा संबंध १९५१ मध्ये मिलर फिशर यांनी ठामपणे मांडला, आणि १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील यशस्वी शस्त्रक्रियेच्या वृत्तान्ताने उपचाराची वाट दाखवली. लक्षणे दिसून गेलेल्या आणि ही वाहिनी ७० टक्के वा अधिक अरुंद झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ होतो, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकी चाचणीने सिद्ध केले.

ग्रीकांचा समज सर्वस्वी निराधार नव्हता: त्याच फाट्यावर रक्तदाब जोखणारे मज्जातंतूंचे टोक असते, आणि तेथे जोराचा दाब पडल्यास नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. म्हणून मानेची नाडी पाहताना दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नयेत.