मजल : मालमोटारीच्या एका दिवसाच्या वाटचालीविषयी

लांबच्या प्रवासाचे वर्णन करताना ‘मजल दरमजल करीत’ असे आपण सहज म्हणतो. ‘मजल’ हा मूळचा अरबी ‘मंझिल’ शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला, आणि त्याच्या धातूचा अर्थ चालणे असा नसून उतरणे असा आहे. प्रवासी जेथे वाहनावरून उतरतो, ओझे खाली ठेवतो, ते स्थान म्हणजे मंझिल. घराचा ‘मजला’ही याच कुळातला. अंतरवाचक शब्द मुक्कामावरून सिद्ध व्हावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. संस्कृत ‘योजन’ शब्दाची कथा याच प्रकारची आहे. त्यात ‘युज्’ म्हणजे जुंपणे हा धातू असून, बैल एकदा जुंपल्यावर न सोडता जेवढे अंतर कापता येईल ते योजन, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. ‘कोस’ हा ‘क्रोश’ म्हणजे हाक यापासून निघाला. (‘लांब पल्ला’ यातील ‘पल्ला’ धान्याचे मापही होते, परंतु केवळ उच्चारसाम्यावरून या दोन अर्थांचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.)

ही शब्दचर्चा केवळ हौसेखातर केलेली नाही. मालमोटारीच्या चालकाने एका दिवसात किती वाट कापावी अशी अपेक्षा रास्त ठरेल, हा प्रश्न आज व्यापारी, मोटारमालक व शासन या तिघांनाही पडतो आणि तिघेही त्याचे उत्तर यंत्राच्या वेगावरून काढू पाहतात. जुन्या भाषेने ते मुक्कामावरून काढले होते. यांपैकी कोणाची रीत वस्तुस्थितीला धरून आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जात असता त्याला धान्य लादलेल्या सुमारे चौदा हजार बैलांचा वंजाऱ्यांचा तांडा भेटला. असे तांडे दिवसाकाठी फार तर सहा-सात मैल, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर, चालत, असे त्याने नमूद केले आहे. लादलेला बैल याहून पुष्कळ अधिक चालू शकतो, यात संशय नाही. परंतु तांड्याची जनावरे वाटेवरच्या रानात चरत असत. त्यांची वैरण विकत घ्यावी लागली असती तर धान्याची वाहतूक परवडलीच नसती. चौदा हजार बैलांना चरावयास लागणारा वेळ दिवसातून वजा केला, की उरतो तेवढीच मजल. तिचे माप बैलाच्या पायांत नव्हते, त्याच्या पोटात होते.

याच्या अगदी उलट दाखला महाराष्ट्रातच सापडतो. अमृतराव पुणे जाळणार अशी बातमी लागताच आर्थर वेलस्लीने एप्रिल १८०३ मध्ये घोडदळ घेऊन बत्तीस तासांत सुमारे साठ मैलांची दौड केली व २० एप्रिल रोजी तो पुण्यात दाखल झाला. ही दौड इतिहासात नोंदली गेली ती नित्याची नव्हती म्हणूनच. एका दिवशी साधलेली दौड ही रोजची मजल समजली, तर घोडी मरतात. डाकेच्या व्यवस्थेने हा पेच निराळ्या प्रकाराने सोडविला होता. टपालाची थैली रात्रंदिवस पुढे जाई, पण ती वाहणारा हरकारा टप्प्या-टप्प्यावर बदले. मालाचा वेग आणि माणसाची मजल या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. तो इतिहास सुपरिचित असल्याने येथे त्याचा विस्तार करीत नाही. मोटार आल्यानंतर मात्र एक नवी गोष्ट घडली. बैल थकला की बसतो. इंजिन थकत नाही, आणि म्हणून थांबण्याची मर्यादा कायद्याने घालावी लागली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारीच्या चालकास सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, चोवीस तासांत नऊ तास व आठवड्यात चोपन्न तास अशा मर्यादा ठरविल्या. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे तास आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस केले. लांब पल्ल्याच्या मार्गांवर दहा व चोपन्न तासांपर्यंत सवलत ठेवली. तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत सामावला गेला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून आठ तासांचे तत्त्व तिनेही राखले आहे.

आता साधा हिशेब करावा. घाट, गावे व वर्दळ धरून लादलेल्या मालमोटारीचा सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर मानला, तर आठ तासांत ३२० किलोमीटर होतात. मुंबईहून निघालेल्या गाडीने कसाऱ्याचा घाट चढून नाशिक मागे टाकावे आणि धुळ्याला मुक्काम करावा, एवढे हे अंतर आहे. सवलतीचे दहा तास धरले तर ४०० किलोमीटर होतील व गाडी शिरपूरच्या पुढे, पळासनेरची सीमा ओलांडून मध्यप्रदेशात शिरेल. याहून अधिक मागणे म्हणजे चालकाची झोप मागणे होय.

परंतु हा हिशेबही चाक फिरू लागल्यापासूनचा आहे. गोदामाच्या दारी माल भरण्यासाठी ताटकळण्याचे तास त्यात नाहीत, आणि मोठ्या शहरांत दिवसा अवजड वाहनांना प्रवेशबंदी असल्याने वेशीबाहेर काढावे लागणारे तासही नाहीत. येथे १९६१ च्या कायद्यातील एक व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. ‘कामाचे तास’ यात गाडी चालत असतानाचे काम व आनुषंगिक काम यांच्या जोडीला, स्थानकावरील नुसत्या उपस्थितीचा पंधरा मिनिटांहून कमी काळ धरला होता. मसुदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर बहुधा वेळापत्रकाने सुटणारी प्रवासी बस असावी. बसच्या दोन फेऱ्यांमधला लांबचा अवकाश म्हणजे विसावा, हे समजण्यासारखे आहे. मालमोटारीच्या चालकाला तोच नियम लावला, तर गोदामाबाहेर रांगेत गाडी पुढे सरकवीत काढलेले पाच तास काम की विसावा, या प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर मिळत नाही. तशात हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांसाठी केलेला होता. एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने कामाच्या तासांपुरता त्याचाच आधार घेतला खरा, पण तास मोजावयाचे कसे व कोणी, हे सैलच राहिले.

अमेरिकेत चालकाला आज चौदा तासांच्या अवधीत अकरा तास गाडी हाकण्याची मुभा आहे, आणि एकदा काम सुरू झाले की रांगेत उभे राहिल्याने तो अवधी सामान्यतः थांबत नाही. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक गाड्यांत त्याची नोंद विद्युत्-यंत्रावर ठेवावी लागते. युरोपीय संघात दिवसाला नऊ तास (आठवड्यातून दोनदा दहा) आणि साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती असा दंडक आहे. तेथील मालमोटारी दिवसात सातशे-आठशे किलोमीटर जातात आणि आपल्या निम्म्याही जात नाहीत, अशी तुलना आपल्याकडे वरचेवर केली जाते. तीत चालकाच्या आळसाचे सूचन असते, ते मला सर्वथा अन्यायाचे वाटते. फरक पडतो तो रस्त्याने आणि थांब्यांनी.

आपल्याकडचे काही थांबे अलीकडे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याबरोबर मुंबईची जकात संपली आणि अनेक राज्यांच्या सीमांवरील करनाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. याच काळात शासनाने, कदाचित नकळत, मजलेची एक अधिकृत व्याख्या केली. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल आवश्यक झाले, तेव्हा त्याची मुदत दर शंभर किलोमीटरांस एक दिवस अशी होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस झाली. मुदत टळल्यास माल अडकतो व दंड होतो. एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी मजल दुप्पट झाली. मात्र गोदामाच्या दारातील रांग दुप्पट वेगाने सरकू लागली, असे त्याबरोबर घडले नाही. दोनशे किलोमीटर हे माप वर काढलेल्या ३२० च्या आतच आहे, म्हणून ते जाचक नाही असे कोणी म्हणेल. रांगेत दिवस गेला नाही, तोवर ते खरे आहे.

गेल्या दशकात काही वाहतूक संस्थांनी हरकाऱ्यांची जुनी रीत मालमोटारीला लावून पाहिली. चार-पाच तासांवर चालक बदलावयाचा, गाडी पुढे जाऊ द्यावयाची आणि पहिल्या चालकाने परतीची गाडी घेऊन रात्री घरी यावयाचे. यासाठी दोन्ही दिशांनी भरलेल्या गाड्या व वाटेवर ठाणी लागतात, आणि एका गाडीच्या धन्याजवळ ती असणे शक्य नाही. तो आपल्या चालकाला खेपेवर पैसे देतो. खेपेच्या हिशेबात रांगेतल्या तासांना दाम नसतो, आणि ते तास भरून काढले जातात ते रात्री, धुळ्याच्या पुढच्या वाटेवर.