सावकारांच्या सभेत तंजावर

एडमंड बर्क म्हटला की वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला आठवतो. पण त्याआधी, २८ फेब्रुवारी १७८५ रोजी त्याने हाउस ऑफ कॉमन्समध्ये अर्काटच्या नवाबाच्या कर्जावर जे भाषण केले, त्यात तंजावरच्या भोसल्यांच्या दुर्दैवाची खरी मीमांसा आहे. ती अशी, की हे राज्य तलवारीने नव्हे, कर्जरोख्यांनी पोखरले. सप्टेंबर १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने नवाब महंमद अलीसाठी तंजावर घेतले आणि तुळजाराजे सहकुटुंब कैदेत पडले. निमित्त थकलेल्या खंडणीचे. खंडणी थकली होती हे खरेच, राजांना धुतल्या तांदळासारखे ठरवण्याची गरज नाही. पण बाकी वसूल करणे निराळे आणि राज्य गिळणे निराळे. गिळल्यावर ते गहाण पडले. पॉल बेनफिल्ड या कंपनीच्याच नोकराने नवाबाला पैसे देऊन तंजावरचा महसूल लिहून घेतला, रयतेलाही उभ्या पिकावर कर्जे दिली. मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगटने एप्रिल १७७६ मध्ये राजांना गादी परत दिली, तेव्हा बेनफिल्डने २,३४,००० पौंडांचा दावा काढला. पिगट त्याच्या आड आला. ऑगस्टमध्ये कौन्सिलातल्या बहुमतवाल्यांनी गव्हर्नरालाच अटक केली आणि पुढच्या वर्षी तो अटकेतच वारला.

यावर जुना आक्षेप आहे. बर्कचा जिवलग विल्यम बर्क हा तुळजाराजांचा पगारी मुखत्यार होता, मग हे भाषण म्हणजे वकिली नव्हे काय? थोडी होतीच. १७७९ मध्ये तंजावरच्या बाजूने जे पुस्तक निघाले त्यात दोघांचाही हात होता. पण भाषणातला सर्वांत भक्कम मुद्दा विल्यमच्या पगारावर उभा नाही. त्या मुलखाची शेती साठवलेल्या पाण्यावर चालते. तळी आणि बांध राजांनी, गावांनी पिढ्यानपिढ्या सांभाळले. वर्षा-दोन वर्षांत पैसे फिरवून विलायतेला जाणारा सावकार पीक नेईल, तळ्यातला गाळ कशाला काढील? ही गोष्ट खोटी ठरवायला विल्यमचे नाव पुरत नाही.

मग सभेने ऐकले का नाही? कर्जांची छाननी न करताच ती मान्य करून सरकारने वर्षाला बारा लाख होन त्यांच्या फेडीला लावले होते. बर्कने सांगितले की स्वतःला धरून बेनफिल्डने आधीच्या सभागृहात आठ सभासद आणले होते. हा आकडा विरोधकाचा, म्हणून बेताने घ्यावा; पण बेनफिल्ड स्वतः १७८० मध्ये निवडून आला होता, याला वाद नाही. धनको जिथे बाकावर बसतो तिथे ऋणकोचा वकील कितीही बोलो. चौकशीची कागदपत्रे मागणारा, बर्कच्याच विरोधी बाकावरच्या फॉक्सचा ठराव ६९ विरुद्ध १६४ मतांनी पडला. तुळजाराजे १७८७ मध्ये वारले, आणि १७९९ च्या तहाने त्यांचे दत्तकपुत्र सरफोजीराजे यांच्याकडे राज्यापैकी तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले.