सहा सेंटिमीटर, पण कधी मोजलेले?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. काय मोजायचं ते लिहिलं होतं, कशाने मोजायचं तेही लिहिलं होतं. पण कोणत्या क्षणी, कोणत्या अवस्थेत मोजणार, याचा पत्ता नव्हता. त्याला समजावताना मला 1981 सालची एक रेसिंग कार आठवली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आधी थोडं भौतिकशास्त्र. स्पोर्ट्‌स कारचे हौशी मालक स्प्रिंग बदलून गाडी खाली का बसवतात? दिसायला भारी दिसते हे आहेच, पण तेवढंच नाही. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि ते किती जाणार हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. कागद घेऊन करून बघा. गाडी 1200 किलोची, डाव्या-उजव्या चाकांत 150 सेंमी अंतर, गुरुत्वमध्य 50 सेंमी उंचीवर, वळणावरचं त्वरण 0.8 जी. 1200 × 0.8 × 50 ÷ 150, म्हणजे 320 किलो. आता गाडी 3 सेंमी खाली घ्या. उत्तर येतं साधारण 301 किलो.

म्हणजे फायदा 19 किलोंचा. आणि किंमत? स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही, म्हणून ती कडक घ्यावी लागते. मग खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहत नाही, आणि ज्या पकडीसाठी हा खटाटोप केला तीच हातची जाते. पोटाला स्पीडब्रेकर घासतो तो वेगळाच.

एवढ्याशा फायद्यासाठी कोणी जिवावर उदार होणार नाही. पण 1970च्या दशकाच्या शेवटी फॉर्म्युला वनमध्ये हिशोबच बदलला. लोटसने गाडीच्या पोटाला उलट्या पंखासारखा आकार दिला. गाडी आणि जमीन यांच्यातल्या फटीतून हवा वेगाने जाते, दाब कमी होतो आणि गाडी खाली खेचली जाते. बाजूने हवा आत शिरू नये म्हणून जमिनीला टेकणाऱ्या सरकत्या झालरी लावल्या. 1978 मध्ये मारिओ आंद्रेत्ती याच जोरावर विश्वविजेता झाला. आता गाडी किती खाली आहे यावर सगळंच ठरू लागलं. पण वळणात मध्येच झालर अडकली, की ही ओढ क्षणात नाहीशी व्हायची आणि चालकाच्या हातात काहीच उरायचं नाही.

म्हणून 1981 साठी नियम आला: सरकत्या झालरी बंद, आणि गाडीखाली किमान 6 सेंमी मोकळी जागा हवी. आकडा स्पष्ट, वाद नको. फक्त ही जागा मोजणार कधी? गाडी पिटमध्ये उभी असताना. धावत्या गाडीखाली पट्टी घेऊन कोण जाणार!

ब्राबॅमचा डिझायनर गॉर्डन मरेने नेमकं हेच हेरलं. त्याने तेल आणि हवेवर चालणारं सस्पेन्शन बसवलं. वेग वाढला की हवाच गाडीला खाली दाबायची, आणि तेल एका बारीक छिद्रातून टाकीत सरकायचं. छिद्र बारीक, त्यामुळे एखाद्या वळणावर वेग कमी झाला तरी गाडी लगेच वर येत नसे. शर्यत संपल्यावर मात्र शेवटची फेरी सावकाश मारली, की पिटमध्ये पोचेपर्यंत 6 सेंमी पूर्ण. चालकाने कुठला खटका दाबायचा नव्हता, त्यामुळे नियम मोडला असं म्हणणंही अवघड. त्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनात नेल्सन पिकेने शर्यत आरामात जिंकली. वर्षअखेरीस विजेतेपदही त्याचंच: 50 गुण, दुसऱ्याचे 49.

मी पहिल्या वर्षी पातळ फिल्म बनवताना चेंबरमधला दाब सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवायचे. गाइडनी विचारलं, फिल्म बनत असताना किती होता? मी गप्प. सहा महिन्यांची वही होती ती.

पुढे सगळ्याच संघांनी नक्कल केली, तीही चक्क चालकाच्या हाताशी खटका देऊन. गाडी खाली गेल्यावर तिथेच राहावी म्हणून स्प्रिंग इतक्या कडक केल्या, की सस्पेन्शन नावालाच उरलं. रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा थेट चालकाच्या मणक्यात. 1982 मध्ये तो नियम काढून टाकला, तरी गाड्या दगडासारख्याच राहिल्या. शेवटी 1983 मध्ये सपाट तळ सक्तीचा केला, तेव्हा कुठे ही ओढ कमी झाली.

मला सगळ्यात आवडतं ते 1994 चं उत्तर. त्या वर्षी इमोलाला रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना दोघे गेले. सेनाच्या बाबतीत गाडीचा तळ जमिनीला टेकला असं काहींचं म्हणणं, तर इटलीच्या न्यायालयाने स्टिअरिंग कॉलम तुटल्याचं कारण मानलं. हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्या जुलैमध्ये जर्मनीच्या शर्यतीपासून प्रत्येक गाडीच्या पोटाखाली 10 मिमी जाडीची, दाबून बनवलेल्या लाकडाची फळी आली. गाडी फार खाली गेली तर फळी घासणार. 1 मिमीपर्यंत झीज चालेल. आता उभ्या गाडीची उंची मोजून फसायचं कारण नाही. धावताना काय झालं ते लाकडावरच उमटतं. महिन्याभरात बेल्जियममध्ये शूमाकर पहिला आला आणि फळी जास्त झिजली म्हणून बाद झाला. गाडी गिरकी खाऊन कडेच्या कर्बवर घासली, हे संघाचं स्पष्टीकरण पंचांनी मानलं नाही. तरी त्या वर्षीचं विजेतेपद त्यालाच मिळालं, पुन्हा एकाच गुणाने.

पण घाईने फळीवर खूश होऊ नका. 2023 मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन आणि लक्लेर याच कारणाने बाद झाले. त्या दिवशी फळ्या फक्त चार गाड्यांच्या तपासल्या होत्या. चारात दोन दोषी, आणि बाकीच्यांच्या कोणी पाहिल्याच नाहीत.