बेताची ऊब

शून्य अंशाच्या हवेत ताशी ९० किलोमीटरने मोटारसायकल चालवली, की उघड्या कातडीला उणे दहाचा गारठा जाणवतो. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली स्वीकारलेल्या सूत्राचा हा हिशोब. अशा वेळी शरीर आधी धड सांभाळतं आणि बोटांचा रक्तपुरवठा आखडता घेतं. क्लचवरची बोटं बधिर होतात ती त्यामुळे. म्हणून लडाखला निघणाऱ्यानेही हातमोज्यांच्या आधी विजेवर तापणाऱ्या जॅकेटाचा विचार करावा, असं मला ठामपणे वाटतं.

पण जॅकेट आलं, की नियंत्रकही आला. जॅकेटाचा रोध दोन ओहम धरला, तर १३.८ व्होल्टला ते जवळपास सात अँपिअर, म्हणजे ९५ वॅट खेचतं. एवढी उष्णता सतत सोसवत नाही. ती आटोक्यात आणायला आणखी दोन ओहमचा रोध जोडला, तर जॅकेटाला २४ वॅट मिळतात आणि तेवढेच वॅट त्या रोधात फुकट जातात. नियंत्रकातला मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रवाह रोखून धरत नाही, तो नुसता जोडतो आणि तोडतो. त्यामुळे त्याच्यात जेमतेम वॅटभर वाया जातो. तापणारी तारही संथ आणि शरीरही संथ, त्यामुळे सेकंदाला एक ठोका पुरतो. तो देणारा ५५५ टायमर १९७२पासून बाजारात आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं सामान मिळतं.

मग विकतचा का घ्यायचा? बिघाडाचा धोका तर दोन्हींत आहे: मॉस्फेट बिघडला, की बहुधा शॉर्ट होतो. बटण शून्यावर असलं तरी जॅकेट पूर्ण तापत राहतं, आणि दहा अँपिअरचा फ्यूज उडत नाही, कारण सात अँपिअर हा जॅकेटाचा नेहमीचाच प्रवाह. म्हणून नियंत्रक घरचा असो की दुकानातला, जाड हातमोज्यांनी एका हिसक्यात सुटेल असा कनेक्टर हवाच. दुकानात आपण पैसे मोजतो ते सर्किटचे नव्हेत. पाणी न शिरणारी पेटी, न गंजणारे जोड, इंजिनाच्या थरथरीला टिकणारं सोल्डरिंग, यांचे ते पैसे. घरी बनवणाऱ्याला ही कामं स्वतः करावी लागतात, आणि चिकाटी असेल तर ती जमतात.

लांबच्या प्रवासाला मी विकतचाच नेईन. तरीही प्रत्येक वाचकाने एक नियंत्रक टेबलावर जुळवून पाहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. विकतच्या पेटीत काय असायला हवं, हे त्याशिवाय कळत नाही. त्यासाठी जॅकेट लागत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा आणि बटण हळूहळू फिरवा: ठोक्यांचा वेग तोच राहतो, प्रत्येक ठोक्यात बल्ब पेटून राहण्याचा वेळ तेवढा वाढत जातो. पहिलं प्रकरण याच जोडणीपासून सुरू होतं.