शब्दवेध : वस्ताद

कोल्हापूरच्या तालमीत पहाटे जावं. लंगोट कसलेलं पोर आधी तांबड्या मातीला हात लावून तो कपाळी नेतं, मग काठावर उभ्या असलेल्या वस्तादांच्या पाया पडतं. तिथे त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. ‘वस्ताद’ हेच नाव.

शब्द मूळचा फारसी, ‘उस्ताद’. आरंभीच्या ‘उ’चा मराठी जिभेवर ‘व’ झाला आणि शब्द आखाड्यात उतरला. गाण्यात तो ‘उस्ताद’च राहिला, आणि तिथे वाटणीही झाली: मुसलमान गवई उस्ताद, हिंदू गवई पंडित. आखाड्यात ही वाटणी नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मांग समाजात जन्मलेले लहुजी साळवे पुण्यात दांडपट्टा शिकवत, ते लहुजी वस्ताद म्हणूनच ओळखले जातात. जोतीराव फुले त्यांच्याच तालमीत शिकले.

बेरकी माणसालाही आपण ‘मोठा वस्ताद आहे’ म्हणतो. समोरच्याचे डाव आधीच ओळखतो, म्हणून. पण मला खरा शब्द ऐकू येतो तो मातीच्या काठावर. समोरच्याचा पाय जरा पुढे येतो, वस्ताद ओरडतात, ‘पट काढ!’ आणि पोर तो पाय धरायला वाकतं.