येळवशीची खीर, कोरियाची लाल पेज आणि बिनसाखरेचं गोड

आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत वाचून दोघा-तिघांचे फोन आले. परभणीत बसून कोरियाच्या पेजेचा इतिहास कशाला सांगता, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात कोरियापासून करत नाही, गंगाखेडच्या बाजूच्या एका शेतापासून करतो.

आमच्या अभ्यासगटात आम्ही पाच जण. त्यांतल्या एकाचे वडील गेली अकरा वर्षं इन्सुलिन घेतात. २०२२ च्या येळवशीला सगळे त्यांच्या शेतात जेवायला गेलो होतो. लातूरकडे तोंड करून असलेल्या आपल्या गावांत येळवस किती मोठी, हे इथं बसलेल्यांना सांगायला नको. दुरून ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याची कोपी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडतात, पूजा झाली की शेताभोवती आंबील शिंपडत फेरी मारतात. मग जेवण. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, भाकरी आणि गव्हाची खीर.

तर खीर वाढताना काकूंनी वडिलांच्या वाटीत दोन पळ्या जास्तच घातल्या. ते नको नको म्हणत होते. काकू म्हणाल्या, "गुळाची हाय, साखर न्हाई घातली. गुळानं काय होत न्हाई." सगळ्यांनी मान डोलावली. आम्हीही डोलावली, हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी घरी यंत्रावर आकडा पाहिला तेव्हा बोलणी बसली ती मात्र वडिलांना. काकूंना कुणी काही म्हणालं नाही, आणि म्हणायचं तरी काय? सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला गोड न देणं हे आपल्याकडं जवळजवळ अपमानात जमा होतं.

"गुळानं काही होत नाही" हे वाक्य कुठून आलं, याचा शोध आम्ही तिथून सुरू केला. कोरियाची पेज त्या शोधात वाटेत भेटली.

आधी गुळाचं बघू. आपल्याला वाटतं, पूर्वजांना गूळ पचत होता, मधुमेह हा साखर कारखान्यांनी आणला. आता चरकसंहिता उघडा. प्रमेहाची कारणं सांगताना तिथं बसून राहण्याचं सुख आहे, झोपेचं सुख आहे, दही आहे, दूध आहे, नवं धान्य आहे, आणि त्याच यादीत गूळ आणि गुळाचे पदार्थ आहेत. रोग्याच्या लघवीकडं मुंग्या धावतात, हेही नोंदवलेलं आहे. म्हणजे गुळाबद्दलची शंका दीड-दोन हजार वर्षांची जुनी आहे, पाश्चात्त्य डॉक्टरांनी काढलेली नाही. आणि त्याच ग्रंथात प्रमेह्याला खायला काय सांगितलंय? सातू आणि मूग. साधी गोष्ट आहे, गुळात बहुतांश भाग सुक्रोजचाच असतो, आणि साखर म्हणजे दुसरं काय? गुळात थोडं लोह जास्त, थोडे क्षार जास्त, चव कितीतरी जास्त. पण रक्ताला त्यातला फरक फारसा कळत नाही.

मग पूर्वजांना चालत होता तो का? एक उत्तर कष्टाचं आहे, ते सगळे देतात. दुसरं उत्तर इतिहासाचं आहे, ते कमी लोक देतात: गूळ रोज नव्हताच. ऊस पाण्याच्या कडेला, तोही थोडा. गुऱ्हाळ लागलं की काकवी, ताजा गूळ. मग ढेप माळ्यावर आणि किल्ली आजीच्या कनवटीला. पांढरी साखर तर देवाच्या नैवेद्यापुरती नि आजाऱ्यापुरती. 'साखरपुडा' हा शब्दच बघा ना. साखरेची पुडी देणं ही सोयरिकीची खूण ठरली, कारण साखर पुडीनंच मिळायची.

हे बदललं कधी? आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाने भराभर उभे राहिले. त्याच दशकात निजाम सरकारनं आपल्या शेजारी, नांदेडच्या पलीकडं, बोधनला साखर कारखाना काढला. त्या वसाहतीचं नावच शक्करनगर. १९५० च्या सुमाराला प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं तुम्हाला माहीत आहेत. मराठवाड्यात ऊस खऱ्या अर्थानं शिरला तो जायकवाडीचं पाणी डाव्या कालव्यानं आपल्याकडं आल्यावर. धरण १९७६ साली पूर्ण झालं. त्याच्या चारच वर्षं आधी, १९७२ च्या दुष्काळात, हीच माणसं रोजगार हमीच्या खडीवर सुकडी आणि मिलो खात होती. म्हणजे उपासमार आणि मुबलक साखर यांच्यामध्ये आपल्याकडं एक पिढीसुद्धा पुरती गेली नाही. ज्या म्हाताऱ्यानं लहानपणी गुळाचा खडा चोखून चोखून पुरवला, त्याच म्हाताऱ्याच्या चहात आज तीन चमचे. त्याच्या जिभेला 'गोड म्हणजे माया' हे कुणी शिकवलं नव्हतं, ते तो भोगून शिकला. काकूंच्या दोन जादा पळ्यांचा उगम तिथं आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आकडा ऐकून आपण 'बापरे' म्हणतो आणि चहा मागवतो. तेव्हा तो बाजूला ठेवू.

आता कोरिया. त्या वर्षी येळवस २३ डिसेंबरला होती. आदल्या दिवशी, २२ तारखेला, कोरियात तोंगजी हा सण होता. तोंगजी म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आमच्या गटातल्या एकीची मुलगी पुण्यात असते, कोरियन मालिका बघते, तिनं आईला मोबाइलवर फोटो पाठवला: लालसर तपकिरी पेज, आत पांढरे गोळे. खाली लिहिलं होतं, "आई, यांची पण येळवस." तिनं ते गमतीत लिहिलं. आम्ही मात्र अडकलो.

कारण साम्य खरंच नवलाचं आहे. त्या पेजेचं नाव पात्जुक. 'पात' म्हणजे लाल बारीक कडधान्य, 'जुक' म्हणजे पेज. १८४९ सालच्या, कोरियातल्या सणवारांची नोंद करणाऱ्या 'तोंगगुक सेशिगी' या ग्रंथात या दिवसाची माहिती आहे: चिकट तांदळाच्या पिठाचे पक्ष्याच्या अंड्याएवढे गोळे पेजेत सोडायचे, मध घालायचा, पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा आणि दारावर ती पेज शिंपडायची. लाल रंगाला रोगराईचं भूत भितं, ही समजूत. तिची गोष्ट मुळात चीनमधून आलेली. आपण शेताच्या कडेनं आंबील शिंपडतो, ते दारावर पेज शिंपडतात. आपले उंडे बाजरीचे, त्यांचे तांदळाचे. कुणी कुणाकडून घेतलं असं आम्ही अजिबात म्हणत नाही. असले पूल बांधायची आपल्याकडं फार हौस आहे, त्या मोहात पडू नये. थंडीच्या तोंडावर घरात असलेलं कडधान्य आणि पीठ शिजवून आधी देवापितरांना नि मग लेकरांना द्यायचं, हे दोन शेतकरी समाजांना स्वतंत्रपणे सुचू शकतं. एक तपशील मात्र सांगतोच: तोंगजी चांद्र महिन्याच्या सुरुवातीलाच आली तर लेकुरवाळ्या घरात ती पेज करत नाहीत, भाताच्या पिठाची वडी करतात. असले बारकावे आपल्या आज्यांना लगेच पटले असते.

आणि ते कडधान्य तरी किती परकं? वनस्पतिशास्त्रात ते 'विग्ना' कुळातलं. त्याच कुळात आपला मूग, उडीद, मटकी आणि चवळी. परभणीच्या काळ्या रानात पावसाळ्यात जे मूग-उडीद पेरतो, त्यांचं ते चुलत भावंड.

आमच्या विषयाच्या गाभ्याची गोष्ट पुढं आहे. सणाच्या पेजेत जुन्या काळी एक तर मीठ, नाही तर मध किंवा जोचोंग. जोचोंग म्हणजे मोड आलेल्या सातूनं भाताचा गोडवा बाहेर काढून आटवलेला पाक. आज कोरियात जिला दानपात्जुक म्हणतात ती साखर घातलेली गोड पेज वेगळी, ती साखर स्वस्त झाल्यावर रुळली. साखर तिथं कशी आली? जपानी राजवटीत साखरेचा कारखाना आला. मग युद्ध. युद्ध थांबलं त्याच वर्षी, १९५३ मध्ये, बुसान शहरात चेइल कंपनीनं साखर तयार करायला सुरुवात केली. आपलं प्रवरानगर आणि त्यांचं बुसान यांच्यात तीनेक वर्षांचं अंतर! (जाता जाता: त्या युद्धात आपल्या सैन्याचं साठावं फील्ड अँब्युलन्स पथक कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली जखमींवर उपचार करत होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ते फारसं सापडत नाही.) आणि आज तिथंही घरोघर हाच प्रश्न आहे, आजीची पेज बिनसाखरेची कशी करायची?

म्हणून आम्ही ती करून पाहिली. इतिहासाच्या माणसांनी पातेल्यात हात घालू नये असं आमच्या घरच्यांचं मत पडलं, तरी केली.

परभणीच्या मोंढ्यात ते कडधान्य मिळत नाही. मुलीनं पुण्याहून अर्धा किलो आणलं. पहिलं पाणी उकळून फेकून दिलं, त्यानं तुरटपणा जातो. मग कुकरला मऊ शिजवलं, पुरणयंत्रातून काढलं. सालं वर राहिली, खाली मऊ लगदा आला. हे सगळं करताना कुणालाच काही नवीन शिकावं लागलं नाही, कारण हे पुरणच आहे की! फक्त गूळ घालून चटका देण्याऐवजी पाणी घालून पातळ करायचं, थोडं तांदळाचं पीठ कालवून लावायचं आणि ढवळत राहायचं. चिकट तांदूळ नव्हता, तर ज्वारीच्या पिठाची उकड काढून बोराएवढे गोळे वळले. नंतर दुसऱ्या खेपेला मोंढ्यातलीच लाल चवळी घेतली. रंग जमला, चव जरा उग्र आली, पण आल्याचा रस आणि दालचिनी घातल्यावर खपली.

गोडीचं काय? इथं प्रामाणिक राहावं लागतं. पहिल्यांदा खजूर वाटून घातला आणि 'साखरमुक्त' म्हणून टाळ्या पिटल्या. मग आमच्यातलीच एक म्हणाली, ही तर काकूंचीच चूक आपण पुन्हा करतोय, गुळाच्या जागी खजूर एवढाच फरक. खरं होतं. खजूर म्हणजे साखरच, जोचोंगही रक्तात शेवटी साखरच. आणि कडधान्य, तांदूळ, ज्वारी यांतही पिष्ट आहे, त्यामुळं अगदी बिनगोडाची पेजसुद्धा वाटीभरच घ्यायची, हे वडिलांच्या डॉक्टरांनी बजावलं. शेवटी जी ठरली तिच्यात चार माणसांत मिळून दोन खजूर, चिमूटभर मीठ, आणि वरून भाजलेल्या तिळाची भुकटी. मीठ घातलं की त्या कडधान्याची स्वतःची पुसट गोडी वर येते. ती जिभेला सापडायला आम्हाला तीन-चार दिवस लागले. चहातली साखर त्याच आठवड्यात निम्मी केली होती, त्याचाही हातभार असेल.

वडिलांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "ही तर आमटी हाय. खीर म्हणून का फसवता?" दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, कालची आमटी उरली का.

पुढच्या येळवशीला, जानेवारी २०२४ मध्ये, शेतात दोन पातेली गेली. गव्हाची खीर होतीच, ती नसती तर येळवस कसली. शेजारी लहान पातेल्यात लाल चवळीची पेज. पांडवांपुढं कोणती ठेवायची यावर कोपीत बराच वेळ वाद झाला. काकूंनी अखेर दोन्ही ठेवल्या, आणि वडिलांच्या वाटीत यावेळी विचारून वाढलं.